निलंग्याचा अंमलदार आणि गोंडी बाराखडी

मराठवाड्यातील सुशिक्षित माणसास सेतुमाधवराव पगडी हे नाव ठाऊक असते, ते मोगल दरबाराची बातमीपत्रे मराठीत आणणारे इतिहाससंशोधक म्हणून, गालिब व इकबाल यांचे काव्य मराठी वाचकाच्या हाती देणारे रसिक म्हणून, फार तर ‘जीवनसेतु’ या आत्मचरित्राचे लेखक म्हणून. परंतु २७ ऑगस्ट १९१० रोजी लातूर जिल्ह्यातील निलंग्यास जन्मलेल्या या पुरुषाने निजामाच्या मुलकी नोकरीत असताना आदिलाबादच्या जंगलात हिंडून गोंडी व कोलामी या दोन भाषा आत्मसात केल्या, त्यांची व्याकरणे लिहिली, आणि ज्यांची भाषा तोवर कोणत्याही कचेरीत कोणी ऐकून घेतली नव्हती त्या लोकांच्या हक्काचा प्रश्न आपल्या दौऱ्यातून व दफ्तरातून मांडला, ही हकीकत निलंग्यातही फारशी कोणी सांगत नाही. अल्पसंख्य जमातींचे हक्क म्हणजे काय, याविषयी आजवर मी जे वाचले त्या सर्वांपेक्षा या एका अंमलदाराच्या कामाने मला अधिक शिकविले आहे, आणि म्हणून या लेखात तेच अधिक विस्ताराने येईल.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. नांदेड जिल्ह्याच्या ईशान्येस, पैनगंगेच्या अलीकडे, किनवट आणि माहूर हे डोंगराळ तालुके आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत किनवट हा हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होता. भाषावार रचनेत तो मुंबई राज्यात, नांदेडकडे आला. शेजारचा राजुराही तेव्हा नांदेडातच आला आणि १९५९ साली चांद्यास (आजच्या चंद्रपुरास) जोडला गेला. या मुलखात गोंड, कोलाम, परधान, आंध या जमाती राहतात; घटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे किनवटचा प्रदेश अनुसूचित क्षेत्रात मोडतो, १९९६ चा पेसा (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींचा) कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा तेथे लागू आहेत, आणि कोलामांची गणना राज्यातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींत होते.

आता मूळ हकीकतीकडे. आदिलाबादच्या जंगलात सरकारने राखीव वनाच्या हद्दी आखल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या डोंगर साफ करून ज्वारी पिकविणारा गोंड आपल्याच शेतात अतिक्रमणदार ठरला. जंगलखात्याच्या शिपायांनी वस्त्या उठविल्या, आणि मैदानातून आलेल्या सावकार-देशमुखांनी उरलेली जमीन आपल्या नावे करून घेतली, कारण पट्टा म्हणजे काय हे गोंडास माहीत नव्हते आणि माहीत असते तरी अर्ज उर्दूत करावा लागत होता. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचा पुढारी कुमराम भीमू व त्याचे साथीदार पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले, तेव्हा कोठे सरकारास या लोकांची चौकशी करावीशी वाटली. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ त्या काळी, महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरल्यामुळे, हैदराबाद संस्थानातच अडकून पडले होते. त्यांच्याकडे हे काम आले. बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिणारे विल्फ्रिड ग्रिगसन हे महसूलखात्याचे प्रमुख असल्यामुळे अहवाल फडताळात पडून राहिले नाहीत. लावणी खास या सवलतीच्या नियमांनी गोंड-कोलामांना जमिनीचे पट्टे मिळू लागले, आणि १३५६ फसली या महसुली सालात आदिवासी प्रदेशासाठी स्वतंत्र कायदा झाला, ज्याने त्यांच्या तंट्यांचा निवाडा त्यांच्याच पंचायतीकडे सोपविला.

या सर्व खटाटोपात मला सर्वांत मोलाची वाटते ती शाळा. उतनूर तालुक्यातील मारलवाई या गोंडांच्या खेड्यात १९४३ च्या सुमारास शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. गोंड शिक्षक, गोंड मुले आणि गोंडी भाषेतील वाचनपुस्तके, ती सुद्धा देवनागरी लिपीत. देवनागरी घेण्याचे कारण व्यवहारी होते: त्या भागातील गोंडांचा बाजार, सोयरीक नसली तरी देवघेव, आणि जत्रेतील बोलणे मराठीशी जोडलेले होते, म्हणून प्रथम स्वभाषा, मागून मराठी, आणि मग दरबारची उर्दू, असा क्रम ठरला. ज्या संस्थानात उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून सर्व विद्या उर्दूतून शिकवीत होते, आणि नांदेड-लातूरच्या मराठी मुलास माध्यमिक शाळेत आपली भाषा सोडून द्यावी लागत होती, त्याच संस्थानातील एका जंगलात एक गोंड मूल पाटीवर स्वतःच्या घरची भाषा लिहीत होते. निजामाच्या भाषानीतीची मी तरफदारी करीत नाही. तिच्याविरुद्ध आमच्या वडीलधाऱ्यांनी सत्याग्रह केले आहेत. पण चार समंजस अंमलदार एका ठिकाणी जमले असता राज्ययंत्र किती निराळे वागू शकते, याचे हे उदाहरण आहे.

पगडी या कामावर खास अंमलदार म्हणून आले ते भाषा शिकूनच. दुभाष्याच्या मार्फत फिर्याद ऐकणारा हाकीम आणि फिर्यादीच्या बोलीत उलट प्रश्न विचारणारा हाकीम यांत जे अंतर आहे, ते मराठवाड्याच्या जुन्या पिढीस सांगावे लागणार नाही. ‘अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४९ चे. कोलामीचे व्याकरण १९५० चे. ऑक्सफर्डने छापलेल्या बरो व एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात कोलामी शब्दांपुढे कंसात दोन आद्याक्षरे पुनःपुन्हा येतात, ती सेतुमाधवरावांची. जगातील भाषाशास्त्री ज्या शब्दांवर सिद्धांत उभारतात ते शब्द निलंग्याच्या एका मुलकी नोकराने कोलामांच्या पोडांत, म्हणजे वस्त्यांत, बसून टिपले आहेत, हे पाहून मला जो अभिमान वाटला तो लपविण्याचे कारण नाही. पुढे ते महाराष्ट्राच्या गॅझेटियरांचे संपादक झाले, १९९२ साली पद्मभूषण झाले. परंतु त्यांच्या गौरवाच्या भाषणांत गोंडांचा उल्लेख मी क्वचितच ऐकला.

हे काम पुढे का तुटले? माझ्या मते, सीमारेषेमुळे. फाजल अली यांच्या राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ साली भाषांचा विचार केला तो मोठ्या भाषांचा. तेलुगूकडे काय जावे, मराठीकडे काय यावे, हा वाद झाला, आणि गोंडी बोलणारा माणूस दोन्हींकडे वाटला गेला. आदिलाबादकडच्या शाळांत तेलुगू आली, किनवटकडच्या शाळांत मराठी आली, आणि देवनागरीतील गोंडी वाचनमाला दोहोंकडून गेली. नेमक्या त्याच सुमारास पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियात, असाच प्रश्न उभा होता: तीन मोठ्या जमातींच्या तीन प्रांतांत लहान जमातींचे भवितव्य काय? १९५७ साली नेमलेल्या विलिंक आयोगाने पुढच्या वर्षी अहवाल दिला, नवे प्रांत नाकारले आणि मूलभूत हक्क घटनेत लिहावेत असे सुचविले. हक्क लिहिले गेले, तरी लहान जमातींची भीती गेली नाही, आणि १९६७ पासून प्रांत फोडता फोडता तेथे आज ३६ राज्ये झाली आहेत. आपल्याकडे सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हे कलम घातले, की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय प्रत्येक राज्याने करावी. तरतूद उत्तम आहे. पण किनवटच्या एका पोडावरील शाळेत मी बसलो असता गुरुजींनी पहिलीच्या मुलास साधा प्रश्न मराठीत विचारला; मूल गप्प राहिले; चौथीतील एक मुलगी मागून पुढे आली, तिने कोलामीत काही सांगितले, आणि मुलाने तत्काळ नीट उत्तर दिले. गुरुजी मेहनती होते, आणि दोष त्यांचा नव्हता.

सीमा नकाशावर आहे, माणसांत नाही. दिवाळीच्या दिवसांत गोंडांची दंडारी निघते, मोरपिसांचे उंच मुकुट घातलेले घुसाडी अंगाला राख फासून एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात, रात्रभर नाचतात, यजमान गाव त्यांस जेवू घालते, आणि यांतून सोयरिकी जुळतात. यजमान तेलंगणात आणि पाहुणे महाराष्ट्रात, असे सहज घडते. पौष अमावास्येस आदिलाबादकडच्या केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, तेथे मेसराम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी वाहून आणतात आणि हायमेनडॉर्फच्या काळापासून अधिकाऱ्यांचा दरबार भरून गाऱ्हाणी ऐकली जातात. त्या जत्रेत मी किनवटकडून आलेली कुटुंबे पाहिली आहेत, पण त्यांचे गाऱ्हाणे त्या दरबारात कोणाच्या अखत्यारीत यावे? मारलवाईत हायमेनडॉर्फ व त्यांची पत्नी बेटी यांच्या समाध्या आहेत. तेथे जावेच, इतके मी वाचकांस सांगेन.

प्रतिनिधित्वाचा हिशेबही सरळ आहे. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. त्यांतील एकही मराठवाड्यात नाही, आणि किनवट मतदारसंघ खुला आहे. दाखल्यांचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा. १९७६ च्या कायद्याने जमातींच्या यादीवरील क्षेत्रबंधन उठले, ते न्याय्यच होते. पण त्यानंतर नांदेडात खरे-खोटे दाखले इतके मिसळले, की खऱ्या मन्नेरवारलू वा कोलाम मुलासही पडताळणी समितीपुढे आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा शोधत फिरावे लागते, आणि आजोबा शाळेत गेलेच नसतील तर? २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने आप्तसंबंध चाचणी, म्हणजे जमातीच्या चालीरीतींशी नाते तपासणे, ही अंतिम कसोटी नव्हे, असे स्पष्ट केले, हे योग्यच झाले. बंजारा समाज सीमेपलीकडे अनुसूचित जमात आणि अलीकडे विमुक्त जात आहे. हैदराबाद गॅझेटच्या आधारे त्यांनी केलेली मागणी आणि आदिवासींचा तिला असलेला विरोध, या दोन्ही गोष्टी त्याच १९५६ च्या वाटणीतून आल्या आहेत, आणि दोन्ही बाजूंस शत्रू न मानता ऐकून घेतले पाहिजे.

गडचिरोलीतील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली. नांदेड-लातूरकरांनी याहून सोपे एक काम करावे: पगडींची गोंडी व कोलामीची व्याकरणे पुनर्मुद्रित करावीत, मारलवाईच्या वाचनमालेच्या प्रती हैदराबादच्या दफ्तरखान्यांतून शोधून काढाव्यात, आणि किनवट-माहूरच्या पोडांवरील पहिली-दुसरीच्या वर्गांत ती पुस्तके गोंड व कोलाम शिक्षकांच्या हाती द्यावीत. ज्यांच्या घरी त्या वाचनमालेतील एखादे पान असेल, त्यांनी ते या अंकाच्या संपादकांकडे पाठवावे, ही विनंती.