विमानात झोपेची गोळी घ्यावी का? अमेरिकेला निघालेल्या आईबाबांसाठी जेट लॅगचे साधे गणित

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेले आईबाबा हे दृश्य बुलढाणा, चिखली, खामगाव, मेहकरमध्ये आता नवे राहिलेले नाही. शेवया, कुरडया आणि तिखटाचे डबे भरून बॅग पुन्हा पुन्हा काट्यावर ठेवली जाते. निरोप द्यायला आलेल्यांपैकी कुणीतरी हमखास सांगतो, "विमानात झोप येत नाही. अर्धी गोळी घेऊन टाका, जाग येईल ती थेट अमेरिकेतच." मग कुणाच्या तरी औषधाच्या डब्यातली चार गोळ्यांची पट्टी हातातल्या पर्समध्ये जाते.

सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण साठी-पासष्टी ओलांडलेल्या, बीपी-शुगर असलेल्या प्रवाशासाठी तो धोक्याचा ठरू शकतो. शिवाय ज्या त्रासासाठी ही गोळी घेतली जाते, तो जेट लॅग त्या गोळीने जात नाही. का, ते समजून घेऊ.

जेट लॅग म्हणजे नेमके काय?

आपल्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसांच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा एक छोटा पुंजका असतो. हे शरीराचे मुख्य घड्याळ. झोप कधी यावी, भूक कधी लागावी, शरीराचे तापमान कधी उतरावे हे ते ठरवते. हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते याचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोझबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

हे घड्याळ अगदी २४ तासांचे नसते, थोडे जास्त असते. म्हणून त्याला रोज जुळवावे लागते आणि ते काम मुख्यतः उजेड करतो. आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. बुलढाणा साधारण ७६ अंशांवर आहे. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने आपण भिंतीवरच्या घड्याळाच्या जवळपास २५ मिनिटे मागे आहोत. पण त्याचा त्रास कुणालाच होत नाही, कारण शरीर भिंतीवरचे घड्याळ पाहत नाही, सूर्य पाहते.

विमान मात्र शरीराला जुळवून घ्यायला वेळच देत नाही. न्यू जर्सी उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. कॅलिफोर्निया उन्हाळ्यात साडेबारा तास मागे, म्हणजे दिवसाची रात्रच. तुम्ही पंधरा-सोळा तासांत पोहोचता, शरीराचे घड्याळ मात्र बुलढाण्यातच राहते. ते साधारणपणे दिवसाला एक ते दीड तास सरकते. म्हणून पूर्ण जुळायला आठवडा लागतो, कधी त्याहून जास्त.

दुबई आपल्यापासून फक्त दीड तास मागे आहे. तिथे उतरल्यावर येणारा थकवा बहुतेक वेळा जागरणाचा असतो, जेट लॅगचा नसतो.

झोपेची गोळी घेतली की घड्याळ जुळते का?

नाही. आपल्याकडे झोपेची गोळी म्हणून सर्रास घेतली जाणारी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम किंवा झोल्पिडेम ही औषधे मेंदूची हालचाल मंदावून गुंगी आणतात. काही तास झोप लागते, पण घड्याळाचा काटा जागचा हलत नाही. दुसऱ्या दिवशी न्यू जर्सीतल्या रात्री दोन वाजता शरीराच्या हिशेबाने सकाळचे साडेअकराच वाजलेले असतात आणि डोळे टक्क उघडे असतात.

मग पुन्हा गोळी, तिसऱ्या दिवशी पुन्हा. ही औषधे काही आठवडे रोज घेतली तर सवय लागू शकते आणि एकदम बंद केल्यावर झोप आधीपेक्षा बिघडते. जेट लॅग आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप गेला असता, गोळीची सवय मात्र मागे राहते.

विमानातच गोळी घेण्यात धोका काय?

पहिला धोका पायांत रक्ताची गुठळी होण्याचा. चार तासांहून अधिक लांबचा प्रवास बसून केला की हा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अभ्यासात दिसले. एकूण प्रमाण कमी आहे, सुमारे सहा हजार प्रवाशांत एक. पण गुंगीत माणूस पाय हलवत नाही, उठत नाही, पाणी पीत नाही. वय, लठ्ठपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर धोका आणखी वाढतो.

दुसरा धोका श्वासाचा. विमानाच्या आतली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तितकी विरळ असते. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल, झोपेत घोरताना श्वास अडकत असेल, तर गुंगीचे औषध श्वास आणखी मंद करू शकते. त्यावर विमानात मिळणारे मद्य घेतले तर धोका कित्येक पटींनी वाढतो.

तिसरा धोका पडण्याचा आणि गोंधळण्याचा. क्लोनाझेपामचा निम्मा अंश शरीरातून जायलाच ३० ते ४० तास लागतात. म्हणजे विमान उतरते, इमिग्रेशनची रांग लागते, अधिकारी प्रश्न विचारतो, तेव्हाही गोळी अंगात असते. रात्री अनोळखी घरात, जिन्यावरून स्वच्छतागृहाकडे जाताना तोल जातो. पासष्टीच्या पुढच्यांना ही औषधे शक्यतो देऊ नयेत, असे अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक यादी सांगते. झोल्पिडेम घेऊन काही जण झोपेतच चालल्याच्या, गाडी चालवल्याच्या घटनांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

"मग सर्दीची गोळी घेतो, तिनेही झोप येते," असेही अनेक जण म्हणतात. गुंगी आणणाऱ्या जुन्या पद्धतीच्या सर्दीच्या गोळ्याही त्याच यादीत आहेत. ज्येष्ठांमध्ये त्यांनी तोंड कोरडे पडते, गोंधळ उडतो आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी अडू शकते.

मेलाटोनिनचे काय? ती पण झोपेचीच गोळी ना?

इथे फरक लक्षात घ्या. मेलाटोनिन हे आपल्याच मेंदूतील एका ग्रंथीतून अंधार पडल्यावर स्रवणारे रसायन आहे. ते शरीराला ‘रात्र झाली’ हा निरोप देते. त्यामुळे योग्य वेळी घेतले तर ते घड्याळाचा काटा खरोखर सरकवू शकते. चुकीच्या वेळी घेतले तर उलट दिशेने सरकवते.

या विषयावरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कोक्रेन या संस्थेने २००२ मध्ये घेतला. पाच किंवा अधिक टाइम झोन ओलांडणाऱ्यांनी पोहोचलेल्या ठिकाणच्या झोपेच्या वेळी, म्हणजे रात्री १० ते १२ दरम्यान, मेलाटोनिन घेतले तर जेट लॅग कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्रा अर्धा ते पाच मिलिग्रॅम. पाचपेक्षा जास्त घेऊन जास्त फायदा नाही. मिरगीचे रुग्ण आणि रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये, असेही त्यात म्हटले आहे.

म्हणजे मेलाटोनिन विमानात बसताच घ्यायचे नसते, तिकडची रात्र झाल्यावर घ्यायचे असते. तेही पहिले तीन-चार दिवस पुरते.

मुलाने अमेरिकेतून आणलेल्या गमीज चालतील?

अमेरिकेत मेलाटोनिन पूरक आहार म्हणून किराणा दुकानातही मिळते. चिठ्ठी लागत नाही, औषधासारखी तपासणीही होत नाही. २०२३ मध्ये तिथल्या संशोधकांनी मेलाटोनिनच्या २५ गमीज उत्पादनांची तपासणी केली. त्यातील २२ डब्यांवरचा आकडा आणि आतले प्रमाण जुळले नाही. काहींत लिहिल्यापेक्षा कमी होते, एकात तर साडेतीन पट होते आणि एकात मेलाटोनिनच नव्हते. चवीला त्या गोड असतात, त्यामुळे नातवंडांच्या हाती लागणार नाहीत हेही पाहावे.

गोळीशिवाय काय करायचे?

घड्याळ उजेडाने सरकते, म्हणून उजेडाची वेळ सांभाळायची. उन्हाळ्यात न्यू जर्सीला गेलेल्यांचे उदाहरण घेऊ.

जाताना : तिकडे संध्याकाळचे सहा वाजतात, तेव्हा बुलढाण्यात पहाटेचे साडेतीन असतात. डोळे मिटायला लागतात. नेमके तेव्हाच बाहेर पडा. नातवाला घेऊन बागेत जा, सूर्य मावळेपर्यंत चाला. या वेळचा उजेड घड्याळाला मागे ढकलतो आणि पश्चिमेकडे गेल्यावर तेच हवे असते. दुपारी झोपायचेच असेल तर अर्ध्या तासाचा गजर लावा. जेवण तिकडच्या वेळेनुसार घ्या. दुपारनंतर चहा नको. मध्यरात्री जाग आली तर दिवा आणि मोबाइल बंदच ठेवा. त्या वेळी गावाकडे दिवस असतो आणि व्हॉट्सअॅप खणखणत असते, तो मोह टाळा.

परतताना : पूर्वेकडचा प्रवास शरीराला जास्त जड जातो आणि इथे बहुतेकांची चूक होते. ‘सकाळचे कोवळे ऊन घ्या’ हा सल्ला पहिले दोन-तीन दिवस उलटा पडू शकतो. बुलढाण्यात सकाळी सात वाजता शरीरासाठी रात्रीचे साडेनऊ असतात. तेव्हाचा उजेड घड्याळाला नको त्या दिशेला ढकलतो. दुपारी दीड-दोननंतरचा उजेड योग्य दिशेला ढकलतो. म्हणून सुरुवातीला सकाळी घरात थांबा किंवा गॉगल लावा आणि दुपारी चार ते सहा बाहेर फिरा. एप्रिल-मेमध्ये परतला असाल तर दुपारच्या उन्हात मात्र जाऊ नका, ऊन उतरल्यावर निघा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून उजेडाची वेळ हळूहळू सकाळकडे आणा.

दोन-तीन दिवसांच्या मीटिंगसाठी जाणाऱ्यांनी तर घड्याळ बदलायच्या फंदात पडूच नये. जमेल तितके भारतीय वेळेनुसार झोपावे.

बीपी-शुगरच्या गोळ्या कोणत्या वेळेनुसार?

हा प्रश्न झोपेच्या गोळीपेक्षा महत्त्वाचा आहे. अमेरिकेला जाताना दिवस लांबतो, येताना आखूड होतो. इन्सुलिन घेणाऱ्यांचे दोन डोस फार जवळ आले तर साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यात गुंगीची गोळी घेतलेली असेल तर घाम, थरथर ही लक्षणे कळतच नाहीत. सोबतच्याला वाटते, माणूस शांत झोपला आहे. म्हणून निघण्याआधी विमानाच्या वेळा दाखवून डॉक्टरांकडून डोसचे वेळापत्रक कागदावर लिहून घ्या. सगळी औषधे हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात नको.

डॉक्टरांनीच झोपेची गोळी दिली असेल तर?

काहींना ती आधीपासून सुरू असते. त्यांनी ती मनाने बंद करू नये. पण चिठ्ठी आणि मूळ वेष्टन सोबत असायलाच हवे. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम ही औषधे आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलवाल्याने ती द्यायची नाहीत आणि दिल्यास रुग्ण व डॉक्टरांच्या नावासह नोंद तीन वर्षे जपायची. संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत अशी औषधे नेण्यासाठी आधी परवानगी काढावी लागते. शेजाऱ्याने दिलेली कापलेली पट्टी तिथे अडचणीत आणू शकते.

आणि कोणतीही नवी गोळी पहिल्यांदा विमानात घेऊन पाहू नका.

विमान उतरले, पण प्रवास संपला का?

बुलढाण्यासाठी नाही. परदेशातून येणारी बरीच विमाने मुंबईत रात्री-पहाटे उतरतात. पुढे मलकापूर किंवा शेगावपर्यंत रेल्वे, नाहीतर समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाल्यापासून ‘उतरलो की लगेच निघू’ असेच बहुतेकांचे ठरते. सरळ, एकसुरी रस्ता आणि दोन रात्रींचे जागरण एकत्र आले की डुलकी लागायला काही सेकंद पुरतात. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यात खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा जीव गेला. त्या अपघाताच्या कारणांवर बरीच चर्चा झाली. पण या रस्त्यावरचा रात्रीचा प्रवास हलक्यात घेऊ नये, हे जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

त्यामुळे परदेशातून उतरलेल्याने स्टिअरिंग हाती घेऊ नये. घ्यायला आलेल्याची झोप झाली आहे का, हेही विचारा. ती झाली नसेल तर मुंबईत, नाशिकमध्ये किंवा छत्रपती संभाजीनगरात नातेवाइकांकडे मुक्काम करा. घर एक दिवस उशिरा गाठले तरी चालते.

थोडक्यात लक्षात ठेवा

• झोपेची गोळी गुंगी आणते, शरीराचे घड्याळ जुळवत नाही.
• दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी घेऊ नका, देऊही नका.
• मेलाटोनिन डॉक्टरांना विचारून, कमी मात्रेत, पोहोचलेल्या ठिकाणच्या रात्रीच घ्या.
• अमेरिकेत पहिले काही दिवस संध्याकाळचा उजेड, परतल्यावर दुपारनंतरचा.
• विमानात दर तास-दीड तासाने उठून चाला, पाणी प्या, मद्य टाळा.
• पाय एकाच बाजूने सुजला, पोटरी दुखली किंवा दम लागला तर थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.