पोराला पाढे येतात, रस्ता ओलांडता येतो का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळचे पाच वाजले असतील. दवाखान्यात सर्दी-तापाची गर्दी होती. एवढ्यात दोघे-तिघे जण नऊ वर्षांच्या एका मुलाला हातांवर उचलून आत घुसले. मागोमाग त्याची आजी. "डॉक्टर, मना पोऱ्या वाची ना?" एवढे एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. पोरगा शाळेतून येताना एस.टी.तून उतरला आणि बसच्या मागूनच धावत रस्ता ओलांडायला निघाला. पलीकडून येणाऱ्या पिकअपवाल्याला तो दिसलाच नाही. मांडीचे हाड मोडलेले, कपाळावर टेंगूळ, वाटेत दोन उलट्या झालेल्या. मांडीला फळी बांधून, मान हलणार नाही अशी व्यवस्था करून १०८ च्या गाडीने त्याला धुळ्याला पाठवले. धुळे येथून सुमारे ५० किलोमीटर. तेवढा वेळ त्या आजीने कसा काढला असेल ते तिचे तिलाच ठाऊक.

वाचकहो, या सदरात आपण आजवर जुलाब, दमा, मधुमेह, सर्पदंश यांवर बोललो. आजचा विषय रस्ता आहे. 'हा काय आरोग्याचा विषय झाला?' असे कोणी म्हणेल. पण २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली आणि त्यांत साडेनऊ हजारांच्या आसपास मुले अठरा वर्षांखालची होती. एखाद्या तापाच्या साथीने एवढी मुले नेली असती तर गावोगाव फवारणीची यंत्रे फिरली असती.

मोठ्या माणसाला गाडीची धडक बसते तेव्हा मार बहुधा गुडघ्याखाली लागतो. मूल बुटके असते. गाडीचा पुढचा बंपर त्याच्या मांडीवर येतो, बॉनेट पोट-छातीवर आदळते आणि मूल फेकले जाऊन डोक्यावर पडते. मांडी, पोट-छाती आणि डोके या तीन दुखापतींच्या जोडणीला आमच्या पुस्तकांत वॉडेलचे त्रिकूट म्हणतात. त्यातली मांडी सर्वांना दिसते, पोटातला रक्तस्राव कोणालाच दिसत नाही. म्हणून 'वरून काही लागले नाही, चहा पाजा आणि घरी न्या' हा आपल्याकडचा शिरस्ता फार घातक आहे. धडक बसलेल्या मुलाला तपासणी होईपर्यंत चहापाणी काही देऊ नये. नंतरचे चोवीस तास उलटी, वाढती झोप, असंबद्ध बोलणे, पोट फुगणे किंवा पोटात वाढते दुखणे यांवर नजर ठेवावी. यातले एक जरी दिसले तरी सकाळची वाट पाहू नये.

मूळ मुद्दा मात्र त्याच्या अलीकडचा आहे. आपण मुलावर रागावतो, "डोळे कुठे होते तुझे?" डोळे होते, पण ते जमिनीपासून जेमतेम एक मीटरवर होते. उभ्या एस.टी.मागून किंवा कांद्याने भरलेल्या ट्रॉलीमागून त्याला पलीकडचे काही दिसत नाही. स्वीडनमधल्या स्टीना सँडेल्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात मुलांना प्रत्यक्ष रस्त्यावर न्याहाळले. गाडी किती वेगाने येते आहे, आवाज कोणत्या बाजूचा आहे, याचा अंदाज लहान मुलांना नीट येत नाही, असे त्यांना आढळले. दहा वर्षांखालच्या मुलाकडून आपण ही अपेक्षा ठेवणे म्हणजे बालवाडीतल्या मुलाला भागाकार विचारण्यासारखे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते आणि चालकाचा पाय ब्रेकवर पोचायलाच सेकंदभर लागतो.

मग शिकवून उपयोग आहे का? आहे, पण कसे शिकवता त्यावर. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा शिक्षणावरच्या १५ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. शिकवल्याने मुलांचे ज्ञान वाढते, रस्ता ओलांडण्याची रीतही सुधारू शकते, पण काही काळाने ते विसरले जाते, म्हणून पुन्हा पुन्हा शिकवावे लागते असा त्याचा निष्कर्ष होता. अपघात कमी झाल्याचा पुरावा मात्र त्या चाचण्यांत मिळाला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे जानेवारीत सप्ताह येतो, २०२१ साली तर प्रथमच महिनाभराचे अभियान झाले, फेरी निघते, चित्रकला स्पर्धा होते, मान्यवरांचे फोटो छापून येतात. फेब्रुवारीत पोरे पुन्हा तशीच बसमागून धावतात. चित्रकलेला माझा विरोध नाही. पण पोहणे काय फळ्यावर शिकवतात?

नाशिकला मुंबई नाक्याजवळ 'नाशिक फर्स्ट' या संस्थेचे वाहतूक शिक्षण उद्यान आहे. छोटे रस्ते, सिग्नल, पट्टे, सगळे खऱ्यासारखे. मुले तिथे प्रत्यक्ष चालून शिकतात. जागा महापालिकेची, चालवते संस्था. अनेक शाळांतले आर.एस.पी. पथकही त्याच जातीचे काम करते. तालुक्याच्या गावाला एवढे उद्यान परवडणार नाही हे मान्य. पण शाळेच्या पटांगणावर चुन्याने रस्ता आखायला, दोन पुठ्ठ्यांच्या बस उभ्या करायला आणि दर पंधरा दिवसांनी अर्धा तास मुलांना 'थांब, उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा, पुन्हा उजवीकडे पाहा' हे पायांनी करायला लावायला कितीसा पैसा लागतो? पश्चिम भागात हे मराठीबरोबर मुलांच्या घरच्या बोलीतही सांगावे लागेल, हा आणखी एक खर्च. तोही शून्याच्या जवळपासच.

पैशाचा विषय निघाला म्हणून सांगतो. मागे तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत मी हा विषय घेऊन गेलो होतो. मंडळींनी आदराने बसवले, चहा दिला. सगळ्यांना पटले. मग कोणीतरी विचारले, "डॉक्टर, हे कोणत्या हेडखाली टाकायचे?" आणि विषय संपला. कमानीला हेड होते, रस्त्याला नव्हते.

घरी येऊन मीच चौकशी केली. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्चायचा असतो. रस्त्यावर मुलाचा जीव वाचवणे हे बालकल्याण नसेल तर मग काय आहे? पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना आलेल्या निधीतला ४० टक्के भाग अबंधित होता, म्हणजे गावाने स्वतःच्या गरजेप्रमाणे वापरायचा. गावाचा विकास आराखडा ग्रामसभेपुढे येतो. तिथे आईबापांनी नुसते उठून हा विषय मांडला तरी तो इतिवृत्तात येतो, आणि एकदा लिहिले गेले की दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारता येते. २०११ च्या स्कूल बस नियमांनी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती सांगितली आहे. तीत पालक, वाहतूक पोलीस आणि स्थानिक संस्थेचा प्रतिनिधी बसतात. आपल्या शाळेची समिती शेवटची कधी बसली, एवढे विचारून पाहा.

आपल्या तालुक्याला ही निकड जास्त आहे. जुना सहा नंबरचा, आता त्रेपन्न नंबरचा महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो. सुरतेकडची अवजड वाहने, कांद्याचे ट्रॅक्टर, ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्यांची पाती नेणारे लांबलचक ट्रेलर, सगळे आपल्या पोरांनी पाहिले आहेत. कोंडाईबारी घाटात २०२० च्या ऑक्टोबरात बस कोसळली. जिल्ह्यात पळासनेरला ४ जुलै २०२३ रोजी कंटेनर महामार्गालगतच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा जण गेले. तिथे कोणाला रस्ता ओलांडता येत होता की नाही याने काही फरक पडला नसता. म्हणूनच शिक्षणाबरोबर शाळेसमोर गतिरोधक, पट्टे आणि फलकही हवेत. एकाच्या नावाखाली दुसरे टाळू नये.

दहावी-अकरावीच्या चिरंजीवांच्या हाती मोटरसायकल देणाऱ्या वडिलांसाठीही दोन शब्द. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. मागे बसणाऱ्या चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट सक्तीचे आहे. हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा जवळपास ७० टक्के कमी होतो. आणि अपघातातल्या माणसाला दवाखान्यात नेल्यास पोलिसांच्या फेऱ्यात सापडू ही भीती सोडा. मदत करणाऱ्याला आता कायद्यानेच संरक्षण आहे.

त्या पोराचे हाड जुळले. पाय किंचित आखूड राहिला आहे, पण तो पळतो. मागच्या महिन्यात आजी त्याला खोकल्यासाठी घेऊन आली. जाताना मी दारात उभा राहून पाहत होतो. दवाखान्यासमोर दोघे थांबले. बस निघून जाईपर्यंत आजीने त्याचे मनगट सोडले नाही. समोर पट्टे नव्हतेच, तरी तो पोरगा उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहत होता.