'बघू' म्हणजे होकार नव्हे

मैत्रिणींनो, टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की आमच्या जुन्नर-आंबेगावकडे घरोघरी फोन खणखणायला लागतात. नारायणगावच्या बाजारात आज क्रेटला काय निघालं, मंचरला काय, आळेफाट्याला कांदा कितीवर गेला, सगळी चौकशी चहाच्या आधणाबरोबरच सुरू. त्यात एखादा व्यापारी फोन करतो, "ताई, दोनशे क्रेट काढून ठेवा, उद्या गाडी पाठवतो." माल तोडला जातो, तोडणीच्या बायकांची मजुरी रोख द्यावी लागते. आणि दुसऱ्या दिवशी भाव पडला, की तोच आवाज म्हणतो, "मी बघू म्हणालो होतो ओ, घेतो कुठं म्हणालो?"

बचत गटाच्या बैठकीत हे गाऱ्हाणं निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, "कागदच नाही, तर आपण काय करणार!" ही समजूत आधी डोक्यातून काढून टाका. जमीन-घराच्या खरेदीची गोष्ट वेगळी, तिथं नोंदणी केलेला दस्त लागतो. पण टोमॅटो, कांदा, दूध, पापड यांचा तोंडी सौदासुद्धा कायद्याच्या नजरेत करार असू शकतो. फक्त तो 'झाला' का, हे बघावं लागतं.

आपल्याकडे यासाठी 1872 चा भारतीय करार कायदा आहे. इंग्रजांनी तो त्यांच्या देशातल्या न्यायालयांच्या निवाड्यांवरून बेतला, आणि दीडशे वर्षांनंतरही तो चालूच आहे. त्याचं मर्म आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. एकानं म्हणायचं, "एवढ्याला देतोस का?" हा प्रस्ताव. दुसऱ्यानं म्हणायचं, "दिला." ही स्वीकृती. बैलबाजारात पूर्वी उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरायचा, तेही हेच. शिवाय दोघंही सज्ञान हवेत, संमती मोकळ्या मनानं दिलेली हवी आणि देण्याघेण्यात काहीतरी मोबदला हवा.

खरी गंमत घासाघिशीत आहे. कायद्याचं कलम 7 सांगतं, की होकार बिनशर्त हवा. व्यापारी म्हणाला, "क्रेटला 300 देतो." तुम्ही म्हणालात, "350 द्या." इथं त्याचा 300 चा प्रस्ताव संपला! तुमचा 350 चा नवा प्रस्ताव सुरू झाला. आता तो नाही म्हणाला आणि तुम्ही घाईनं "बरं, 300 ला घ्या" म्हणालात, तरी तो बांधील नाही. इंग्लंडमध्ये 1840 साली अगदी हाच वाद झाला होता. एकानं आपलं शेत 1000 पौंडांना द्यायची तयारी दाखवली, दुसऱ्यानं 950 सांगितले, मालकानं नकार दिला. मग हा म्हणाला, "ठीक, 1000 देतो." न्यायालय म्हणालं, करार झालेलाच नाही. घासाघीस जरूर करा बायांनो, पण शेवटचा आकडा कुणी बोलला आणि त्यावर 'हो' कुणी म्हटलं, हे ध्यानात ठेवा. लिलावातही तसंच. व्यापाऱ्याची बोली हा फक्त प्रस्ताव. बोली संपल्याचं जाहीर होईपर्यंत तो ती मागे घेऊ शकतो.

फोनवरच्या सौद्याचं काय? तर आपल्या खामगावचीच गोष्ट ऐका. जुलै 1959 मध्ये अहमदाबादच्या एका पेढीनं खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीशी टेलिफोनवर सरकीच्या पेंडीचा सौदा केला. पेंड काही आली नाही. अहमदाबादकरांनी 31,150 रुपयांचा दावा आपल्याच गावच्या कोर्टात लावला. खामगावकर म्हणाले, होकार आम्ही इथून दिला, तेव्हा दावा इथंच चालवा. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं! ऑगस्ट 1965 मध्ये निकाल लागला, तोही दोन विरुद्ध एक असा. पत्रानं होकार कळवला तर पत्र टपालात टाकलं की प्रस्ताव देणारा बांधला जातो. फोनवर मात्र होकार समोरच्याच्या कानावर पडतो तिथं करार होतो. म्हणजे अहमदाबादलाच. फोनवर सौदा होतच नाही असं कुणी म्हणालं नाही, हे मला त्यातलं मोलाचं वाटतं. भांडण होतं ते फक्त कोर्ट कुठलं याचं.

म्हणून मुंबईच्या व्यापाऱ्याचा फोन आला आणि तुम्ही ओतूरहून 'दिला' म्हणालात, तर त्याच्या कानात ते शब्द पडले तिथं करार झाला, असं कायदा मानेल. हे गैरसोयीचंच आहे. दावा लावायला आपण कुठं मुंबई गाठणार?

आता गप्प बसण्याविषयी. 'मौनं संमतिलक्षणम्' असं आपल्याकडे म्हणतात, आणि लग्न ठरवण्यापासून वाटणीपर्यंत बायकांच्या बाबतीत ते फार सोयीनं वापरतात. कायदा असं मानत नाही. 1862 च्या एका इंग्लिश खटल्यात काकानं पुतण्याला लिहिलं होतं, तुझं उत्तर आलं नाही तर घोडा माझा झाला असं समजेन. पुतण्यानं उत्तर दिलं नाही. न्यायालयानं ठरवलं, की गप्प राहण्याचा अर्थ होकार असा लावता येत नाही. माहेरच्या जमिनीबाबत "ताई काही बोलली नाही, म्हणजे तिनं हिस्सा सोडला" असं म्हणणाऱ्यांना हे जरूर ऐकवा. हक्कसोड नोंदणी केलेल्या दस्तानंच होते, चुलीपाशी मान खाली घालून बसल्यानं नाही.

आणखी एक बाई सांगायच्या राहिल्या. लंडनमध्ये 1891 मध्ये एका कंपनीनं जाहिरात दिली, की आमचा धुराचा गोळा वापरूनही फ्लू झाला तर 100 पौंड देऊ, त्यासाठी 1000 पौंड बँकेत ठेवलेत. श्रीमती कार्लिल यांनी दिवसातून तीनदा नेमानं तो वापरला आणि जानेवारी 1892 मध्ये फ्लू झालाच. कंपनी म्हणाली, ती नुसती जाहिरात होती, आणि तुम्ही होकार तरी कुठं कळवला? न्यायालय म्हणालं, सांगितल्याप्रमाणे वागणं हाच त्यांचा होकार. बाईंना पैसे मिळाले. मात्र दुकानातली "स्वस्तात मस्त" पाटी या जातीची नसते हं! ती बोलावणं असते, प्रस्ताव नव्हे.

आता आमच्या गटातल्या बायकांनी एक सवय लावून घेतलीय. फोन ठेवला की लगेच व्यापाऱ्याला मोबाइलवर मेसेज टाकायचा, "आज ठरल्याप्रमाणे 200 क्रेट, भाव अमुक, गाडी उद्या सकाळी. बरोबर ना?" त्याचं 'हो' आल्याशिवाय तोडणीला माणसं लावायची नाहीत. मेसेजमधून झालेला करारही 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात नंतर जोडलेल्या कलमामुळे मान्य आहे. जमलं तर थोडा इसार घ्यावा. करार व्हायला इसार लागतोच असं नाही, पण सौदा झाला होता हे दाखवायला तो फार उपयोगी पडतो. यावर एक जण म्हणाली, "मेसेज पाठवला की हे लोक उत्तरच देत नाहीत ओ." मग निदान हे तरी कळलं ना, की तो अजून 'बघू'वरच आहे!