उजाड झालेलें अरण्य पुन्हां कसें वसलें ?

वन आणि व्याघ्र हे परस्परांचे रक्षक होत, हा विचार विदुरनीति वाचलेल्या आमच्या वाचकांस नवा नाहीं. तथापि या दोहोंखेरीज वनाचा आणखी एक राखणदार असतो, आणि तो उपाशी राहिला तर पहिल्या दोघांचें कांहींएक चालत नाहीं. आफ्रिकेंतील एका अरण्याच्या हकीकतीवरून ही गोष्ट चांगली ध्यानांत येते. म्हणून ती येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें अरण्य मोझांबिक देशांतील होय. हा देश आपणांस अगदींच परका नव्हे. पोर्तुगीज अमलांत १७५२ सालापर्यंत त्याचा कारभार गोव्याहूनच चाले. देशाच्या मध्यभागीं गोरोंगोसा नांवाचा १,८६३ मीटर उंचीचा पर्वत आहे. त्यावरील दाट झाडी पावसाचें पाणी धरून ठेवते, व तेंच पाणी खालीं येऊन उरेमा सरोवर आणि त्याभोंवतींचीं विस्तीर्ण कुरणें जगवितें. या प्रदेशास १९६० सालीं राष्ट्रीय उद्यान ठरविण्यांत आलें. पुढें दहाबारा वर्षांनीं विमानांतून गणती झाली, तेव्हां येथें २,००० वर हत्ती, सुमारें १४,००० रानरेडे आणि सुमारें २०० सिंह होते.

१९७५ सालीं देश स्वतंत्र झाला. परंतु १९७७ पासून १९९२ पर्यंत तेथें यादवी माजली. सैनिकांनीं हस्तिदंत विकून शस्त्रें घेतलीं आणि रानांतल्या मांसावर दिवस काढले. तह झाल्यावरही शिकार लगेच थांबली नाहीं. मोठ्या जनावरांपैकीं शेंकडा ९० हून अधिक नाहींशीं झालीं. रानरेडे तर मूठभरच उरले.

या संहाराची खूण हत्तींच्या वंशावरही उमटली. ज्या हत्तिणींस जन्मतःच सुळे नव्हते त्यांस मारण्यांत लाभ नसल्यामुळें त्या वांचल्या. युद्धापूर्वीं अशा हत्तिणी शेंकडा साडेअठरा होत्या, त्या पुढें सुमारें ५१ झाल्या. आणि हा गुण आईकडून मुलीकडे उतरतो, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें.

विदुराच्या विचारासही येथें प्रत्यक्ष प्रमाण मिळालें. बिबटे व रानकुत्रे नष्ट होतांच, एरव्हीं झुडपांत दडून राहणारें बुशबक नांवाचें हरिण उघड्या कुरणांत निर्धास्त चरूं लागलें. शास्त्रज्ञांनीं बिबट्याचा आवाज ऐकवून व त्याचा वास पसरून पाहिलें, तेव्हां तें पुन्हां झुडपांकडे वळलें. भक्षकाच्या नुसत्या धाकानेंही वनस्पतींचें रक्षण होतें तें असें.

२००४ सालापासून ग्रेग कार या अमेरिकन धनिकानें या उजाड रानाकडे लक्ष दिलें, व २००८ सालीं त्याच्या संस्थेनें सरकाराशीं वीस वर्षांचा करार केला. दक्षिण आफ्रिकेंतून रानरेडे आणिले, २०१८ सालीं रानकुत्रेही आणिले. अलीकडील गणतींत मोठ्या जनावरांची संख्या एक लाखाच्या आसपास भरली आहे.

परंतु केवळ जनावरें आणून वन वसत नाहीं. उद्यानाभोंवतीं सुमारें दोन लाख माणसें राहतात, आणि त्यांपैकीं बहुतेक अल्पशा शेतीवर पोट भरणारीं आहेत. हत्तींनीं एका रात्रींत मक्याचें शेत फस्त केलें तर त्या घरानें वर्षभर काय खावें ? आणि अशा मनुष्यानें हरणासाठीं तारेचा फांसा लाविला तर त्यास दोष कोणत्या तोंडानें द्यावा ? त्याच फांशांत सिंहांचे पाय अडकून ते पंगु होतात, हें दुःख वेगळेंच.

म्हणून उद्यानाच्या चालकांनीं गांवांतीलच तरुण वनरक्षक म्हणून नेमिले. शेतांच्या कडेस मधमाशांच्या पेट्यांचें कुंपण घातलें. हत्ती माशांस भितो, आणि शेतकऱ्यास मधही मिळतो. डोंगरावर झाडी तोडून मका पेरणाऱ्यांस देशी वृक्षांच्या सावलींत कॉफी लावण्यास शिकविलें. त्यामुळें झाडें लावण्यांतच घरधन्याचें हित आलें. मुलींचीं लग्नें लहानपणीं होऊन शिक्षण सुटूं नये यासाठीं गांवोगांवीं त्यांचीं मंडळें चालविलीं. १९१९ नव्हे, अगदीं परवांच्या २०१९ सालच्या मार्चमधील ‘इडाई’ वादळांत याच वनरक्षकांनीं पूरग्रस्तांस अन्न पोंचविलें. आणि त्याच वर्षींच्या ऑगस्टांत सरकार व बंडखोर यांच्या नव्या तहावर सह्या झाल्या त्याही गोरोंगोसाच्याच परिसरांत.

एका परदेशीय धनिकाच्या औदार्यावर राष्ट्राचें वन किती काळ विसंबावें, असें सुज्ञ वाचक विचारतील, आणि तें रास्तच आहे. करार संपतात, दातेही संपतात. तेथील शेतकऱ्याची कॉफी व मध त्यापूर्वीं त्याचें घर चालवूं लागलीं, तरच हें वन टिकेल. ज्याच्या घरीं चूल पेटत नाहीं त्यास व्याघ्राची थोरवी सांगणें व्यर्थ होय. ज्याची चूल वनामुळें पेटते त्यास ती सांगावी लागत नाहीं.