लॅपटॉपसाठी लिनक्स निवडताना

विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था व तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक ठरवला; परिणामी, सुस्थितीत असलेले अनेक लॅपटॉपही निकालात निघण्याची वेळ आली. अशा यंत्रांना लिनक्स आणखी काही वर्षे कामात ठेवू शकते. मात्र ते घालायचे ठरवले, की उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा अशी अनेक नावे समोर येतात आणि निवड नेमकी कशाच्या आधारे करावी, हे नवख्याला उमगत नाही.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जाहीर केलेले लिनक्स म्हणजे केवळ कर्नल, अर्थात यंत्राचे भाग आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यातील व्यवहार सांभाळणारा गाभा होय. या गाभ्याला डेस्कटॉप, ब्राउझर आणि प्रोग्रॅम बसवण्याची यंत्रणा जोडून जो वापरण्याजोगा संच तयार होतो, त्याला डिस्ट्रो म्हणतात. बहुतेकांचे लक्ष प्रथम डेस्कटॉपच्या देखणेपणाकडे जाते. परंतु डेस्कटॉप नंतरही बदलता येतो. प्रोग्रॅमच्या आवृत्त्या तपासून कोण पुरवतो आणि सुरक्षा अपडेट किती काळ देत राहतो, हे मात्र डिस्ट्रोबरोबरच ठरून जाते, म्हणून आधी तेच पाहणे शहाणपणाचे.

उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घ आधाराची, आवृत्ती दर २ वर्षांनी निघते आणि तिला ५ वर्षे अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना अवघे ९ महिने. फेडोराची प्रत्येक आवृत्ती सुमारे १३ महिने टिकते, पण तिचे कर्नल ताजे असल्यामुळे अगदी नव्या लॅपटॉपला ती मानवते. आर्च या डिस्ट्रोमध्ये ठरावीक आवृत्त्याच नसतात. बदल अखंड येत राहतात आणि बिघाड झाल्यास वापरणाऱ्याने आज्ञा टंकून तो दुरुस्त करावा, हे गृहीत धरलेले असते. बँकेचे व्यवहार, पत्रलेखन आणि मुलांचा अभ्यास यांसाठी लॅपटॉप वापरणाऱ्या कुटुंबावर हा भार टाकणे योग्य नव्हे. त्यांच्यासाठी उबुंटू एलटीएसवर आधारलेले मिंट सर्वांत सोयीचे, कारण त्याच्या सिनॅमन डेस्कटॉपची मांडणी विंडोजच्या सवयीला जवळची आहे. रॅम ४ जीबी असेल, तर त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी.

निर्णयापूर्वी डिस्ट्रो पेनड्राइव्हवर उतरवून लॅपटॉप त्यावरून सुरू करता येतो व हार्ड डिस्कला हात न लावता सारे तपासता येते. वाय-फाय, आवाज आणि कॅमेरा यांबरोबरच झाकण मिटून उघडल्यावर यंत्र नीट जागे होते का, हे अवश्य पाहावे, कारण नेमकी हीच तपासणी राहून जाते. काही वाय-फाय चिपना उत्पादकाचे बंदिस्त फर्मवेअर लागते. डेबियनने ते २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून इन्स्टॉलरमध्येच समाविष्ट केल्यामुळे तिथली जुनी अडचण बरीच कमी झाली. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक सेटिंगमध्ये निवडता येतो.

टॅली किंवा पेजमेकरवर ज्यांचा रोजगार अवलंबून आहे, त्यांनी मात्र विंडोज पुसून टाकू नये. या प्रोग्रॅमच्या लिनक्ससाठी आवृत्त्या नाहीत, त्यामुळे आधी साऱ्या फायलींची प्रत काढून दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवणे, हाच त्यांच्यासाठी सुरक्षित मार्ग आहे.