दोघांची नावे

मुलांनो, कर्जत व खालापूर तालुक्यांत डोंगराच्या कुशीत ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. अशा वाडीला ठाकुरवाडी म्हणतात. येथील कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वनजमिनीवर नाचणी, वरी पिकवत आली. पेरणीपासून कापणीपर्यंत स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने राबतात. पण जमिनीच्या कागदावर बहुधा पुरुषाचेच नाव लागे. मग पती वारला किंवा त्याने घराबाहेर काढले, तर स्त्रीने आपला हक्क कसा सिद्ध करावा?

२००६ च्या वनहक्क कायद्याने यावर उपाय केला. पात्र कुटुंबाला कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळतो. त्याची मर्यादा ४ हेक्टर आहे. विवाहितांच्या बाबतीत तो पती व पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. ही जमीन विकता येत नाही. ती वारसांकडे जाते. दावे तपासणाऱ्या गावाच्या वनहक्क समितीतही किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात.

कायद्याने हक्क दिला, तरी तो माहीत असेल तरच मागता येतो. म्हणून घरात जमिनीचा किंवा घराचा कागद आला, तर तो सर्वांना वाचून दाखवा. त्यावर आईचे नाव आहे का, तेही पाहा.