पोट भरलंय, मन नाही

आदिलाबादची थंडी बोचरी. संध्याकाळी मिरची भज्यांचा वास गल्लीभर पसरला की जेवण झालेलं असूनही पाय तिकडे वळतात. ही ओढ पुष्कळदा भुकेची नसते, कंटाळ्याची किंवा एकटेपणाची असते. म्हणून तिला उत्तरही वेगळं हवं.

इंग्लंडच्या एक्झिटर विद्यापीठाचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. १५ मिनिटं झपझप चालून कामाला बसलेल्यांनी, न चाललेल्यांच्या मानाने जवळपास निम्मंच चॉकलेट खाल्लं.

आपल्या भागात तर चालण्याहून मोठं सुख आहे. दिवाळीच्या सुमारास राजगोंडांच्या दंडारी उत्सवात मोरपिसांचे टोप घातलेले गुस्साडी नाचतात. याच कलेसाठी मार्लवाईच्या (आता आसिफाबाद जिल्हा) कनकराजूंना २०२१ची पद्मश्री मिळाली. त्या नाचाचा ढोल एकदा उभं राहून ऐकाच.

एरवीसाठी पैनगंगेकाठच्या मराठी गावांतलं भजन आहे. गळा गुंतलेला, सोबतीला माणसं आणि दोन्ही हातांत टाळ. फरसाणाचा डबा उघडायला हात मोकळा कुठे असतो? पावसाळ्यानंतरच्या एखाद्या रविवारी कुंटाला धबधब्याच्या शेकडो पायऱ्या उतरून चढा. मग लागेल ती भूक खरी, आणि तेव्हा ज्वारीची भाकरी मनसोक्त खावी.